‘इन डॉइचलांड’ की ‘इन म्युन्शेन’: १० मार्काच्या एका नाण्याची केस

जर्मनीची चांदीची स्मारक नाणी जमवायला घेतली की सगळ्यात आधी हातात येतं ते १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकचं १० मार्काचं नाणं (मार्क म्हणजे युरोच्या आधीचं जर्मन चलन). फ्ली मार्केट म्हणजे जुन्या वस्तूंचा बाजार असो, जुन्या नाण्यांचं दुकान असो, कुणाच्या आजोबांचा डबा असो, हे असतंच. आणि ते हातात आलं की पाच मिनिटांत कुणीतरी विचारतंच, “यावर काय लिहिलंय बघ, डॉइचलांड की म्युन्शेन? डॉइचलांड असेल तर भारी आहे हां, ते चुकीचं छापलं होतं, मागे घेतलं.” डॉइचलांड म्हणजे जर्मनी आणि म्युन्शेन म्हणजे म्युनिक. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की शेवटी नीट बसून लिहायचं ठरवलं, कारण यात खरं किती आणि खोटं किती हे समजलं की जर्मन नाण्यांच्या भावाचं अर्धं गणित कळतं.

आधी नाणं काय आहे ते. १५.५ ग्रॅम वजन, ३२.५ मिमी व्यास, चांदी ६२५ ची, म्हणजे हजार भागांत ६२५ चांदी आणि बाकी तांबं. शुद्ध चांदी निघते ९.६९ ग्रॅम. एका बाजूला गरुड आणि ‘बुंडेसरेपुब्लिक डॉइचलांड’, दुसऱ्या बाजूला म्युनिक ऑलिम्पिकचं ते किरणांचं भोवऱ्यासारखं फिरणारं चिन्ह आणि भोवती मजकूर, ‘विसाव्या ऑलिम्पियाडचे खेळ १९७२, जर्मनीत’. काठावर ऑलिम्पिकचं लॅटिन ब्रीद. मग थोड्या काळाने हेच नाणं परत पाडलं, तेच चिन्ह, तेच वजन, सगळं तेच, फक्त शेवटचा शब्द बदलला, ‘जर्मनीत’ च्या जागी ‘म्युनिकमध्ये’. बस एवढाच फरक. कॅटलॉगमध्ये पहिल्याला ४०१ ए म्हणतात आणि दुसऱ्याला ४०१ बी.

आता हे नाणं मुळात काढलं कशाला, तर पैशासाठी. स्पष्टच सांगायचं तर स्मारक वगैरे नंतर. म्युनिकला एप्रिल १९६६ मध्ये रोममधल्या बैठकीत खेळ मिळाले, मग स्टेडियम, ते तंबूसारखं छत, मेट्रो, खेळाडूंचं गाव, खर्चाचा आकडा फुगत फुगत गेला आणि १९६९ साली पश्चिम जर्मनीच्या संसदेने ऑलिम्पिकच्या नाण्याचा वेगळा कायदाच केला. गणित साधं होतं. १९७० ला चांदी औंसाला (३१.१ ग्रॅमला) दोन डॉलरच्याही खाली होती, डॉलर साडेतीन मार्काच्या वर, म्हणजे नाण्यातली चांदी फार तर दोन मार्काची. ते बँकेच्या काउंटरवर लोकांना १० मार्काला द्यायचं. पाडायचा खर्च वजा केला की उरलेला सगळा नफा खेळांच्या तिजोरीत. लोक नाणं घरी नेऊन कपाटात ठेवतात, खर्च करत नाहीत, त्यामुळे ते परत बँकेत यायची भीतीही कमी. सरकारला बिनव्याजी कर्ज मिळाल्यासारखंच झालं आणि कर्ज देणारा वर आनंदात, कारण त्याच्याकडे चकचकीत चांदीचं नाणं.

एका नाण्यावर थांबले नाहीत. सहा प्रकार काढले: चिन्ह ‘इन डॉइचलांड’ वालं, एकमेकांत गुंतलेले हात, खेळाडू मुलगा आणि मुलगी, तंबूच्या छताचं स्टेडियम वरून दिसतं तसं, चिन्ह ‘इन म्युन्शेन’ वालं, आणि ज्योत. सगळ्यांवर साल १९७२ च, मग नाणं बाजारात १९७० ला आलेलं असो की ७२ ला. मिळून १० कोटी नाणी, दर्शनी किंमत १०० कोटी मार्क, आणि आत साधारण ९७० टन चांदी. पश्चिम जर्मनीची लोकसंख्या तेव्हा सहा कोटींच्या आसपास, म्हणजे तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत माणशी दीडपेक्षा जास्त नाणी. नफा ६० कोटी मार्कांच्या वर झाला, खेळांच्या एकूण खर्चाचा जवळजवळ एक तृतीयांश. नाण्याने ऑलिम्पिक उभं केलं असं म्हटलं तरी फार अतिशयोक्ती नाही.

हा आकडा लक्षात ठेवा, १० कोटी, पुढे लागणार आहे.

आता त्या शब्दाकडे. ‘जर्मनीत’ लिहिलं तर कुणाला काय त्रास व्हावा असं आज वाटेल, पण १९७० ची गोष्ट आहे आणि जर्मनी तेव्हा एक नव्हती. पूर्वेला डीडीआर, म्हणजे साम्यवादी पूर्व जर्मनी, पश्चिमेला बॉनचं सरकार. बॉनचं वर्षानुवर्षं म्हणणं होतं की सगळ्या जर्मन लोकांच्या वतीने बोलायचा हक्क फक्त आमचा, ते पलीकडचं राष्ट्र आम्ही मानतच नाही. डीडीआर ला हे अर्थातच सहन होत नव्हतं, आणि खेळ हे त्यांच्यासाठी जगापुढे ‘आम्ही आहोत’ सांगायचं सगळ्यात मोठं साधन होतं. १९५६, ६० आणि ६४ ला दोन्ही जर्मनींचा मिळून एकच संघ जायचा. १९६८ ला मेक्सिकोत संघ वेगळे झाले पण झेंडा आणि धून अजून सामायिक, धून बेथोव्हेनची. म्युनिक हे पहिलं उन्हाळी ऑलिम्पिक जिथे डीडीआर स्वतःच्या झेंड्याखाली आणि स्वतःच्या राष्ट्रगीतावर उतरणार होतं, आणि तेही पश्चिम जर्मनीच्या अंगणात. अशा वेळी जानेवारी १९७० ला नाणं येतं आणि त्यावर लिहिलेलं असतं की खेळ ‘जर्मनीत’ आहेत. कुठली जर्मनी? पूर्वेकडून हरकत आली. त्यांच्याकडे नियमाचाही आधार होता, कारण ऑलिम्पिक देशाला मिळत नाही, शहराला मिळतं, यजमान म्युनिक आहे, देश नाही. यावर वाद घालायला जागाच नव्हती.

वेळही बघा कशी होती. नाणं जानेवारीत आलं आणि १९ मार्च १९७० ला पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट रेल्वेने पूर्वेतल्या एरफुर्टला गेले, डीडीआर च्या पंतप्रधानाला भेटायला, अशी भेट पहिल्यांदाच होत होती. ब्रांटना पूर्वेशी बोलणी सुरू करायची होती, एका नाण्याच्या शब्दावरून ताणून धरायची त्यांना काय गरज. शब्द बदलला. दोन्ही जर्मनींमधला मूलभूत करार शेवटी डिसेंबर १९७२ मध्ये झाला, खेळ संपल्यावर तीनेक महिन्यांनी.

यातली गंमत मला अशी वाटते की गरुडाच्या बाजूला ‘बुंडेसरेपुब्लिक डॉइचलांड’ आधीही होतं आणि नंतरही राहिलंच. म्हणजे नाव काढलं नाही, नाव कुठे आणि कशासाठी लिहायचं एवढाच वाद होता. आणि नाण्यांवरून हे दोघं आधीपासूनच खेळत होते. १९६६ ला गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ लाइबनिट्झच्या मृत्यूला २५० वर्षं झाली तेव्हा पश्चिमेने त्याचं चांदीचं ५ मार्काचं नाणं काढलं आणि त्याच साली पूर्वेने चांदीचं २० मार्काचं, एकच माणूस दोघांचा. बिचारा जन्मला लाइपझिगला, जे पूर्वेत गेलं, आणि वारला हानोवरला, जे पश्चिमेत, त्यामुळे दोघांचाही दावा बरोबरच. ही दोन नाणी शेजारी ठेवली की जर्मनीच्या फाळणीवरचं पुस्तक वाचायची गरज नाही. माझं मत विचाराल तर ज्याला १९७२ च्या शब्दाची गोष्ट आवडते त्याने पुढची खरेदी लाइबनिट्झच्या जोडीची करावी, फक्त पूर्वेचं जरा महाग पडतं कारण पश्चिमेचं २० लाख पाडलं होतं आणि पूर्वेचं त्यामानाने फारच थोडं.

बरं, आता जमवणाऱ्यांचा प्रश्न. ‘मागे घेतलेलं चुकीचं नाणं’ म्हणून ४०१ ए महाग आहे का? नाही. का नाही ते आकड्यात आहे.

एक म्हणजे ते मागे घेतलेलं नाही. जे पाडलं होतं ते सगळं लोकांच्या हातात गेलं आणि तिथेच राहिलं, वितळवायला परत बोलावलं नाही, फक्त पुढच्या खेपेला शब्द बदलला. दुसरं म्हणजे ‘इन डॉइचलांड’ १ कोटी पाडलं, चार टांकसाळींत प्रत्येकी २५ लाख. आणि ‘इन म्युन्शेन’ किती? तेही १ कोटी, तेही प्रत्येकी २५ लाख. बाकीचे चार प्रकार २ कोटी प्रत्येकी, मिळून तेच १० कोटी. म्हणजे चुकीचं आणि सुधारलेलं दोन्ही सारखंच कमी किंवा सारखंच जास्त, कसं बघाल तसं. आज साधं, वापरलेलं किंवा कपाटात पडून असलेलं नाणं घेतलं तर दोघांच्या भावात सांगण्यासारखा फरक नसतो. तरीही विकणारा गोष्ट सांगतो, कारण गोष्टीला पैसे पडत नाहीत आणि ऐकणारा दोन युरो जास्त देऊन जातो.

शेजारी एक उदाहरण ठेवतो म्हणजे कळेल. पश्चिम जर्मनीची पहिली पाच स्मारक नाणी, ५ मार्काची, जमवणारे त्यांना ‘पहिली पाच’ च म्हणतात: १९५२ चं न्युर्नबर्गच्या जर्मन राष्ट्रीय संग्रहालयाचं, १९५५ ची शिलर आणि बाडेनचा मार्कग्राफ लुडविग विल्हेल्म, १९५७ चं आयखेनडॉर्फ आणि १९६४ चं फिख्टे. चांदी तीच ६२५, वजन ११.२ ग्रॅम, म्हणजे आत बरोब्बर ७ ग्रॅम चांदी, ऑलिम्पिकच्या नाण्यापेक्षा कमी. पण पहिली चार प्रत्येकी दोन लाखांच्या आसपासच पाडलेली, त्यामुळे संग्रहालयाचं चांगल्या अवस्थेतलं नाणं शेकडो युरोंना जातं. त्या संग्रहालयाच्या नाण्यामागे कुठलाही वाद नाही, भांडण नाही, सांगायला विशेष काही नाही, कमी पाडलं आणि तेव्हा कुणाला जमवायचं सुचलं नाही, एवढंच. आणि टोकाचं उदाहरण हवं असेल तर १९१७ चं सॅक्सनीचं ३ मार्क, रिफॉर्मेशनला (ल्यूथरच्या ख्रिस्ती धर्मसुधारणेला) ४०० वर्षं झाली म्हणून काढलेलं, फ्रिडरिख द वाइजचं चित्र असलेलं, ते शंभरेक नगच पाडले. ते आपल्यासारख्यांनी लिलावाच्या फोटोतच बघायचं.

मग ऑलिम्पिकच्या नाण्याला भाव कशाचा? इथे मला हे नाणं खरंच आवडतं, कारण त्याच्या तीन किमती एकमेकींपासून सुट्ट्या करून दाखवता येतात. एक दर्शनी किंमत, एक धातूची, एक जमवणाऱ्याची.

दर्शनी किंमत १० मार्क. मार्क गेला २००१ च्या शेवटी, पण जर्मन बुंडेसबँक मार्काच्या नोटा आणि नाणी आजही बदलून देते, मुदत नाही, मर्यादा नाही, फी नाही, आणि त्यात ही स्मारक नाणीही येतात. दर पक्का, १ युरो म्हणजे १.९५५८३ मार्क. म्हणजे १० मार्काचे ५ युरो ११ सेंट, ५ मार्काच्या स्मारक नाण्याचे २ युरो ५६. नाणं घासलेलं असो, बोटांचे ठसे असोत, बँकेला फरक पडत नाही. (रोजच्या वापरातलं चांदीचं ५ मार्काचं गरुडवालं जुनं नाणं मात्र यात धरू नका, ते १९७५ मध्येच चलनातून रद्द झालं, त्याची आता फक्त चांदी.)

धातूची किंमत म्हणजे ९.६९ गुणिले त्या दिवशीचा ग्रॅमचा भाव. चांदी ग्रॅमला एक युरो असेल तर नऊ युरो एकोणसत्तर सेंट. आता दोन्ही किमती बरोबर कुठे होतात ते काढा: ५.११ भागिले ९.६९, म्हणजे ग्रॅमला ५३ सेंटच्या जरा खाली, औंसाला साधारण १६ युरो ४० सेंट. चांदी याच्या खाली असेल तर नाण्याची जागा बुंडेसबँकेच्या खिडकीवर, वर असेल तर चांदीवाल्याच्या काट्यावर. २०१४ ते २०१९ च्या दरम्यान चांदी बऱ्याच वेळा या रेषेच्या खाली होती आणि तेव्हा खरोखरच ही नाणी घेणं म्हणजे फुकटचा विमा होता. ५ युरोच्या वर थोडे सेंट देऊन घ्या, चांदी चढली तर फायदा, पडली तर बँक ५.११ देणारच. असा सौदा चांदीच्या बिस्किटात मिळत नाही. भाव वर गेले की विमा राहतो पण त्याचा उपयोग उरत नाही, कारण तुम्ही ५.११ च्या कितीतरी वर पैसे मोजलेले असतात आणि खाली जाळं फार लांब असतं. हे न समजता “याला दर्शनी किमतीची हमी आहे” असं सांगून विकणारे भेटतात. हमी आहे, पण कितीची आहे ते विचारा.

जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेली होती तेव्हा याच नाण्यातली चांदी १० मार्काच्या दुपटीपेक्षा जास्त किमतीची झाली होती, सरकारला ज्या गणिताने नफा झाला तेच गणित उलटं. भाव चढायला लागले तेव्हाच त्याची झळ दिसली. १९७९ मध्ये अणुशास्त्रज्ञ ओटो हानचं ५ मार्काचं नाणं चांदीत यायचं होतं, जन्मशताब्दी होती, पण चांदी भडकली आणि ते तांबं-निकेलमध्ये काढलं. चांदीतले अगदी मोजके नग कसेबसे शिल्लक आहेत आणि ते आज हजारोंच्या भावात जातात. त्यानंतरची १९८६ पर्यंतची ५ मार्काची स्मारक नाणी सगळी बिनचांदीची, आत निकेलचा थर असतो म्हणून लोहचुंबकाला चिकटतात. हे ध्यानात ठेवा, डब्यात ५ मार्काची नाणी मिळाली तर चुंबक फिरवा, चिकटलं ते बाजूला. १० मार्काच्या स्मारक नाण्यांत ही भानगड नाही, १९७२ ची आणि मग १९८७ पासून २००१ पर्यंतची सगळी चांदीचीच, आधी ६२५ ची आणि १९९८ पासून ९२५ ची. युरो आल्यावर १० युरोच्या नाण्यात परत हाच खेळ झाला, २०१० पर्यंत ९२५ ची चांदी, १८ ग्रॅम वजन, मग भाव वाढला आणि २०११ ते २०१५ साधं नाणं तांबं-निकेलचं, चांदी फक्त प्रूफमध्ये, म्हणजे जमवणाऱ्यांसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्यात, आणि तीही ६२५.

तिसरी किंमत जमवणाऱ्याची, आणि साध्या ऑलिम्पिक नाण्यात ती जवळजवळ शून्य आहे. ती सुरू होते प्रूफपासून. जर्मन लोक ‘पोलिर्टे प्लाटे’ म्हणतात, आरशासारखी पाटी (चित्राभोवतीची मोकळी जागा) आणि वर दुधाळ चित्र. प्रूफमध्ये सहा प्रकार गुणिले चार टांकसाळी, म्हणजे २४ नाण्यांचा पूर्ण सेट करता येतो. टांकसाळ छोट्या अक्षरावरून कळते: डी म्हणजे म्युनिक, एफ श्टुटगार्ट, जी कार्ल्सरूह, जे हॅम्बुर्ग. ए म्हणजे बर्लिन, पण ते इथे सापडणार नाही, ती टांकसाळ पूर्वेकडे होती. १० मार्काच्या नाण्यावर ए दिसायला १९९१ उजाडावं लागलं, ब्रांडेनबुर्ग गेटची दोनशे वर्षं, एकीकरणानंतर.

प्रूफ घेताना प्रूफच आहे ना ते बघा. मूळ कव्हरमधून काढून हाताळलेलं, पाटीवर बारीक केसासारखे ओरखडे पडलेलं नाणं प्रूफच्या भावात घेण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा स्वच्छ साधं नाणं बरं. ६२५ च्या चांदीत तांबं भरपूर, त्यामुळे हवेने पिवळट-तपकिरी झाक येते, कधी कडेला निळसर. ती राहू द्या. भारतात घरी आणलेली नाणी सणाला देव्हाऱ्यातल्या भांड्यांबरोबर पीतांबरीने नाहीतर चिंचेने घासली जातात, हे मी पाहिलंय, आणि घासलेलं नाणं जमवणाऱ्याच्या लेखी संपलं, राहते ती फक्त चांदी. स्वस्त प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटात पण ठेवू नका, काही वर्षांनी हिरवट चिकट थर येतो, तो काढता काढता नाण्याचीच कातडी जाते.

या नाण्याशी आपला संबंध विचाराल तर म्युनिकला भारतीय हॉकी संघाला कांस्य मिळालं, नेदरलँड्सला हरवून, आणि सुवर्ण यजमान पश्चिम जर्मनीने पाकिस्तानला १-० ने हरवून घेतलं. पण खरा आपला माणूस त्या उन्हाळ्यात म्युनिकला नव्हताच. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर, ६५ च्या युद्धात जखमी झालेले जवान, त्यांनी ऑगस्ट १९७२ मध्ये पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण जिंकलं, ५० मीटर फ्रीस्टाइल, भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. आणि ते पॅरालिम्पिक झालं हायडेलबर्गला. जर्मनीतच, पण म्युनिकमध्ये नाही. इथे ‘इन डॉइचलांड’ वालंच नाणं बरोबर बसतं, आणि माझ्याकडचं त्या प्रकारातलं एक नाणं मी त्यासाठीच ठेवलंय, भाव वगैरे सोडून.

बाकी खेळांचं काय झालं ते सगळ्यांना माहितीय. ५ सप्टेंबरचा हल्ला, ११ इस्रायली खेळाडू, प्रशिक्षक आणि पंच मारले गेले. डीडीआर पदकांत तिसरं आलं, पश्चिम जर्मनी चौथी. त्यामुळे जर्मनीत जुन्या लोकांना हे नाणं दाखवलं की काही जण एकदम बोलायला लागतात आणि काही जण विषय बदलतात, तेव्हा फ्ली मार्केटमध्ये घासाघीस करताना फार उत्साहाने ऑलिम्पिक ऑलिम्पिक करू नका.

म्हणून आज कुणी विचारलं की ४०१ ए साठी जास्त द्यावे का, तर साध्या नाण्याला चांदीच्या भावावर ‘इन म्युन्शेन’ पेक्षा एक सेंटही जास्त देऊ नका, विकणारा कितीही गोष्ट सांगू दे. प्रूफ असेल, मूळ कव्हरमध्ये, पाटी स्वच्छ, तर अवस्थेचे पैसे द्या, शब्दाचे नाही. आणि सहाच्या सहा घ्यायची असतील तर एकेक न घेता जुना पूर्ण सेट शोधा. सुटी सहा घेतली की सहा वेळा दुकानदाराचा नफा द्यावा लागतो, आणि बहुतेक वेळा ज्योतीचं नाणं शेवटपर्यंत मिळत नाही कारण दुकानदाराने ते दुसऱ्या कुणाच्या सेटसाठी बाजूला ठेवलेलं असतं.